दुधीचा धूर

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचं पीयूसी करून आणलं. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक व्हॅन उभी होती. तिच्यातल्या माणसाने गाडीच्या मागच्या नळीत एक कांडी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि मी पर्समधून चष्मा शोधेपर्यंत कागद माझ्या हातात ठेवला. गाडी पास होती. मी तिथेच घुटमळत राहिले तर तो म्हणाला, "मॅडम, झालं." झालं हे मलाही दिसत होतं, पण काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, आणि काय ते आठवेना. गाडी गल्लीत वळवली तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून तीळ भाजल्याचा वास आला आणि एकदम लक्षात आलं. पापड राहिला होता.

संक्रांत ते रथसप्तमी एवढे दिवस हा माझ्या लेखी एक वेगळा ऋतू आहे. त्याला हिवाळा म्हणायला माझी हरकत नाही, पण हिवाळा सगळीकडे असतो आणि हा फक्त आमच्याकडे यायचा. सकाळी उल्हास नदीवरून धुकं उठायचं आणि बदलापूरच्या गल्ल्यांमध्ये आठ वाजेपर्यंत मुक्काम ठोकायचं. बाजारात वालाच्या शेंगा यायच्या. संध्याकाळी शेतांच्या कडेला त्याच शेंगा मडक्यात भाजायच्या पोपट्या लागायच्या आणि मडक्यात घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र वास दुसऱ्या दिवशी न्हाईपर्यंत केसांतून जायचा नाही. घराघरांत बायका मंद आचेवर परात ठेवून हलवा करत बसायच्या. पाकाचे थेंब टाकायचे, बोटांनी हलवत राहायचं आणि तिळाला काटे फुटेपर्यंत धीर धरायचा. आईच्या हलव्याला चांदण्यांसारखे काटे यायचे. माझ्या हलव्याचे गोटे व्हायचे, कारण धीर ही वस्तू माझ्याकडे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

या सगळ्या वासांत माझ्यापुरता आणखी एक वास मिसळलेला आहे. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. तो आमच्या दुधीचा.

दुधी म्हणजे आमची गाडी. रंग दुधी भोपळ्याचा आणि आकारही त्याच्यापासून फार लांबचा नाही. ऐंशीच्या दशकात बाबांनी ती कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या एका साहेबांकडून घेतली तेव्हाच ती प्रौढ होती. तिचं डावं दार नीट लागायचं नाही, ते पुढे बसणाऱ्याने हाताने धरून ठेवायचं. मागे बसणाऱ्याच्या पायाखाली पत्र्याला भोक पडलेलं होतं आणि रबरी चटई सरकवली की खालून पळणारा रस्ता दिसायचा. लहानपणी मला तो गाडीबरोबर मिळालेला खेळ वाटायचा.

थंडीत दुधीला उठवणं हा एक कार्यक्रम होता. डॅशबोर्डच्या खाली, मधोमध, गुडघ्यांच्या दिशेने खाली कललेलं एक काळं बटण होतं. तो चोक. थंड इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. बटण बाहेर ओढलं की तसं मिळतं, आणि इंजिन तापलं की बटण पुन्हा आत ढकलायचं, नाहीतर गाडी नुसती पेट्रोल पीत राहते आणि काळी ढेकर देते. आमच्या बटणाची तार गंजलेली होती. बाबा ते दोन्ही हातांनी ओढायचे आणि आत घालवायला तळहाताने ठोसा मारायचे. बटण इतकं घट्ट, की आईने त्याला केव्हाच खुंटी करून टाकलं होतं. गाडीत बसली की जुन्या पडद्याची शिवलेली तिची फुलाफुलांची पिशवी तिथे अडकायची. खाली ठेवायची सोय नव्हती, कारण पिशवीत बहुतेक वेळा देवाचं काहीतरी असायचं आणि ते पायाशी ठेवणं आईला चालायचं नाही. मांडीवर कागदांची फाईल आणि एका हाताने दार धरलेलं. मग पिशवी जाणार कुठे?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती संक्रांत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दुधीला पंधरा वर्षं पुरी होत होती आणि तिला पुढे रस्त्यावर ठेवायचं तर परिवहन कार्यालयात कागद भरायचे होते. बाकी सगळं तयार होतं. हवा होता तो धुराच्या तपासणीचा दाखला. ही तपासणी तेव्हा नवी होती, आणि नव्या गोष्टीचा बाबांना उत्साह. ते अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालाचे नमुने तपासायचे आणि पसंत नसेल तर परत पाठवायचे, हेच त्यांचं काम. "धूर मोजायलाच पाहिजे," ते म्हणाले. "मी तर म्हणतो, दर महिन्याला मोजा." हे वाक्य आईने पुढे त्यांना बऱ्याचदा ऐकवलं.

कागद भरायची शेवटची तारीख होती रथसप्तमीचा दुसरा दिवस. बाबांना गाडी कारखान्यात जायला लागायची, पण त्यांचं अडणार नव्हतं; कारखान्याची बस होती. अडणार होतं ते आईचं.

त्याचं असं झालं होतं. आईची मोठी बहीण, कुसुममावशी, वांगणीला राहायची. आदल्या वर्षी तिचा गुडघा बसला तो बसलाच. वांगणी स्टेशनचा पूल चढणं तिला शक्य नव्हतं आणि भाड्याच्या गाडीत चार जणांनी उचलून बसवलेलं तिला नको होतं. बाबांना आणा-पोचवायला लावणंही तिला संकोचाचं वाटायचं. हळदीकुंकवाला आमच्याकडे यायचा तिचा वर्षानुवर्षांचा नेम मोडला. आई भेटायला गेली तेव्हा मावशी चेष्टेने म्हणाली, "तू गाडी शीक आणि मला घेऊन जा. तुझ्याशेजारी बसून येईन मी." मावशीला ती चेष्टा वाटली. आईने दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय वर्षं सेहेचाळीस.

पावसाळा संपल्यापासून आई गाडी शिकत होती. स्कूलचे मास्तर रिटायर्ड एसटी ड्रायव्हर होते. त्यांनी आईला एक पाठ घोकवला होता: आरसा, न्यूट्रल, हँडब्रेक, चोक. गाडी जिथे जिथे थांबेल तिथे तिथे हे चारही हाताने चाचपून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. आई ते आरतीसारखं तालात म्हणायची. रविवारी बाबा तिला सरावाला दुधीतून जांभूळ गावच्या रस्त्याला न्यायचे. पाण्याच्या मोठ्या पाइपांच्या कडेने जाणारा तो रस्ता तेव्हा रिकामा असायचा. आई चालवायची, बाबा डावीकडे बसून अखंड बोलायचे. क्लच सोड, हळू, म्हैस आहे, म्हैस आहे दिसली का, दिसली तर मग ब्रेक. एक दिवस आईने गाडी रस्त्याच्या कडेला शांतपणे थांबवली.

"अहो, एसटीत ड्रायव्हरच्या मागे काय लिहिलेलं असतं?"

"काय?"

"चालकाशी बोलू नये."

बाबा गप्प बसले. म्हणजे तोंडाने. उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबत राहिले. डिसेंबरात आईला लायसन्स मिळालं. आता संक्रांत आली होती, मावशीला निरोप गेला होता की रथसप्तमीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे आणि तिला न्यायला गाडी येणार आहे. कोण आणणार ते आईने कळवलं नव्हतं.

तपासणी उल्हासनगरला. टायरच्या एका दुकानाशेजारी लालचंद अंकलची पत्र्याची केबिन होती. आत प्लॅस्टिकच्या आवरणाखाली मशीन, मशीनला रोज ताजा हार. लालचंद अंकल सिंधी, साठीचे, पांढऱ्या लेंग्यातले, गोल चेहऱ्याचे. संक्रांतीच्या चार दिवस आधी आम्ही तिघं गेलो. शुभकार्य म्हणून आईने पिशवीत नारळ आणि हळदीकुंकवाची कुयरी घेतली होती. मशीनचा काटा निघाला तो तांबड्या रेघेवरून सरळ पलीकडे जाऊन थरथरत उभा राहिला.

"फेल," लालचंद अंकल म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन एका ताटलीत भाजलेले पापड आणि पाण्याचे तीन ग्लास घेऊन आले.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणाऱ्या माणसाला ही बाजू माहीत नव्हती. "मशीन बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"साईं, मशीन को ना मामा है, ना चाचा. ती कोणाचं ऐकत नाही. बसा, पापड खा."

"नापास केलंत ते केलंत, वर पापड कसला?" आई म्हणाली.

"भाभी, आमच्यात असंच असतं. आदमी आला तर पाणी पापड पहिले. फेल-पास बाद में."

पापड फार चांगला होता, मिऱ्यांचा. मी दोन खाल्ले. बाबांनी तुकडाही मोडला नाही.

त्या पहिल्या नापासात अन्याय काही नव्हता. मोरिवलीला चिंचेच्या झाडाखाली बाळाराम मेस्त्रीचं गॅरेज होतं. कारखान्यांच्या आधीपासून गावात असलेल्या घरातला हा माणूस, आणि आमच्या गाडीचा जुना वैद्य. त्याने दुधीचा हवेचा फिल्टर उघडून बाबांसमोर धरला. त्यातून ओंजळभर राखाडी धूळ निघाली. "सायब, गारी सगला कारखाना पोटात घेऊन बसलीय," तो म्हणाला. "मना दोन दिस द्या. धू-पूस करून देतो." दोन दिवसांत त्याने फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग घासले आणि जाता जाता जिथे जिथे काही गंजलं होतं तिथे तिथे तेल सोडलं. दुधीचं बोनेट कुरकुरेनासं झालं. चोकही लोण्यातून सुरी जावी तसा आत-बाहेर सरकायला लागला. बाबांना ठोसा मारायची सवय, पहिल्या दिवशी त्यांचा हातच आपटला.

बाळारामकडे मशीन नव्हतं. त्याची स्वतःची एक रीत होती. गाडी चालू करायची, नळीच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा आणि पन्नास आकडे मोजायचे. त्याने रुमाल आम्हाला दाखवला. "बग बाय," मला म्हणाला, "ह्याच्यात पूजा करशील." रुमाल खरोखर स्वच्छ होता.

संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाला, गल्लीत हळदीकुंकवांची रांग लागली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा उल्हासनगरला गेलो. मागच्या खेपेला नुसत्या नारळाने भागलं नाही म्हणून आईने पिशवीत तिळगुळाचा स्टीलचा डबाही घातला होता, लालचंद अंकलना द्यायला. पिशवी नेहमीच्या जागी अडकली. काटा तांबड्या रेघेवरून पुढे गेला.

"तिळगूळ घ्या," आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पापड घ्या," लालचंद अंकल म्हणाले.

आता बाबांनी वही काढली. प्रयोगशाळेतली त्यांची शिस्त अशी, की बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. त्यांनी लिहिलं: फिल्टर, प्लग, पॉइंट, कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवला, पेट्रोल कुठल्या पंपाचं, टायरमधली हवा, सकाळचं धुकं किती वाजता उठलं. मी विचारलं, धुक्याचा काय संबंध? "काहीही सोडायचं नाही," बाबा म्हणाले. गाडीत कोण कुठे बसलं होतं हेसुद्धा त्यांनी लिहिलं होतं. पिशवी तेवढी लिहिली नव्हती. नारळ, हळदकुंकू, तिळगूळ या काही बदलत्या गोष्टी नव्हेत, त्या असायच्याच. आमच्या घरात शुभाची गोष्ट बिघाडाच्या यादीत घालावी असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि केमिस्ट झाले तरी बाबा आमच्याच घरातले.

बाळाराम तर चक्रावून गेला होता. त्याच्याकडे रुमाल पांढरा आणि उल्हासनगरला काटा तांबड्यात. "मशीन सिंध्याचा हाय का जर्मनचा?" त्याने विचारलं. मग त्याने पॉइंट बदलले, स्क्रू पाव फेरा फिरवला, पुन्हा रुमाल धरला. पुन्हा पूजेचा.

तिसऱ्या खेपेला आईने कमाल केली. त्या वर्षी तिचं वाण होतं स्टीलच्या चहाच्या गाळण्या. चांगल्या जाड दांड्यांच्या. लालचंद अंकलच्या घरच्या बायकांना एकेक म्हणून तिने सहा गाळण्या पिशवीत घातल्या, शिवाय नारळ, कुयरी, डबा, आणि रस्त्यातल्या गणपतीचा प्रसाद. पिशवीचे बंद ताणून दोऱ्यांसारखे झाले होते. वाटेत बाबा दोनदा म्हणाले, गाडी जड चाललीय. आई म्हणाली, चढ असेल. अंबरनाथहून उल्हासनगरला जाताना चढ कुठला, हे तिघांनाही विचारायचं सुचलं नाही.

काटा त्या दिवशी सगळ्यांत पुढे गेला. लालचंद अंकलनी गाळण्या घेतल्या, कौतुकाने उलटसुलट करून पाहिल्या, आणि पापडांची थप्पीच आणून ठेवली. "भाभी, इतनी भारी गाळणी," ते म्हणाले, "गाडी में लगाओ, धूर गाळून निघेल." मला हसू फुटलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पापडाने तोंड बंद केलं.

घरी आल्यावर बाबांनी वही मिटली आणि म्हणाले, "पुरे. गाडीचं आयुष्य संपलं असेल तर ते मान्य करावं." उल्हासनगरात जुन्या गाड्या तोडून त्यांचे सुटे भाग विकणारा एकजण होता. बाबांनी त्याला सांगून ठेवलं, रथसप्तमी होऊ दे, मग घेऊन जा.

आई उठून आत गेली. ती तीळ भाजायला बसली. थोड्या वेळाने घरात करपल्याचा वास आला. मी धावत गेले तर ती परातीसमोर बसलेली, हातात उलथनं, आणि तीळ काळे झालेले. आईच्या हातून तीळ करपलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आई कुठेही गेली ती बाबांच्या डावीकडे, दार धरून. आता कुठे तिला उजवीकडे बसता येणार होतं, तर गाडीच जाणार. "मावशीला कळवू का?" मी विचारलं. "थांब," ती म्हणाली. करपलेले तीळ तिने टाकून दिले आणि दुसरे घेतले.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी आई कपडे करून पिशवी घेऊन अंगणात उभी. बाळारामने एक नवा प्लग घातला होता, तो शेवटचा उपाय. "एकदा जाऊन येऊ," ती म्हणाली, "आणि आज मी चालवते." बाबांनी तिच्याकडे बघितलं. एरवी त्यांनी उल्हासनगरच्या गर्दीची चार कारणं सांगितली असती. "चालव," ते म्हणाले. "आता काय राहिलंय?"

बाबा डावीकडे बसले, दार धरून. पिशवी त्यांनीच नेहमीच्या जागी अडकवली. त्या दिवशी तीत मागच्यासारखंच सगळं होतं, नव्या गाळण्यांसकट, आणि आणखी एक नारळ. मी मागे, भोकावर पाय ठेवून. धुकं नुकतंच उठत होतं. आईने बदलापूरची चढण नीट काढली, अंबरनाथपर्यंत एकही चूक नाही. रेल्वेच्या फाटकाशी आलो तर फाटक पडलेलं. मालगाडी जात होती, तिला शेवट नव्हता. आईने गाडी थांबवली आणि तिचा पाठ सुरू झाला. मागून मला तिचे ओठ आरशात दिसत होते.

आरसा. हात आरशाला लागला. न्यूट्रल. हँडब्रेक. चोक.

चोकवर हात थांबला. बटण बोटभर बाहेर होतं. तिने ते आत ढकललं. इंजिनाची घरघर एकदम हलकी झाली. हात काढला, तर पिशवीने झोका घेतला आणि बटण सावकाश पुन्हा बाहेर आलं. घरघर जड झाली. आईने पुन्हा ढकललं. हलकी. पुन्हा सोडलं. जड. तिसऱ्यांदा मात्र ती तशीच बसून राहिली, बटण अंगठ्याने आत दाबून धरलेलं, आणि तिच्या मानेवरून कानापर्यंत लाली चढत गेलेली मला मागून दिसली. तेल घातल्यापासून ते बटण खुंटी राहिलंच नव्हतं. आई दर खेपेला पिशवीत शुभाची आणखी एक वस्तू घालत होती, आणि दुधी तितकी जास्त धुरकटत होती.

बाबा फाटकापलीकडे मालगाडीचे डबे बघत होते.

आईने पिशवी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "जरा धरा हो. माझ्या गुडघ्याला लागतेय." बाबांनी पिशवी घेतली, एक हात दारावर, एक पिशवीवर. आरशात आईचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले. तिने मान किंचित हलवली. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

काटा रेघेच्या अलीकडे येऊन थांबला. लालचंद अंकलनी मशीनला टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही. त्यांनी कागदावर शिक्का मारला, बाबांच्या हातात दिला, आणि आत जाऊन पापड आणले.

"आता तर पास झालो ना?" आई म्हणाली.

"भाभी, पापड पासवालों को भी मिलता है. तुम्ही कधी पास झालाच नाही, तो मालूम कैसे होगा?"

बाबांनी त्या दिवशी तीन पापड खाल्ले. बाळारामने सांगून टाकलं, नव्या प्लगची कमाल. गावभर सांगितलं. बाबा म्हणाले, "असेल." आईने बाळारामला एक नारळ आणि त्याच्या बायकोला गाळणी दिली, जरा जास्तच प्रेमाने. मला तिने रात्रीच्या जेवणाआधी देवासमोर उभं करून, हे कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

रथसप्तमीला सकाळी आईने अंगणात सूर्याचा रथ काढला, सात घोड्यांचा. घोडे काढताना ती नेहमी थकायची आणि शेवटचे दोन कुत्र्यांसारखे व्हायचे. त्या वर्षी सातही घोडे घोडेच होते. गोवऱ्यांवर बोळकं ठेवून दूध उतू घालवलं, ते पूर्वेला सांडलं. मग आई दुधीत उजवीकडे बसली, बाबा डावीकडे. पिशवी आईने न विचारता त्यांच्या मांडीवर दिली. वांगणीचा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी वालाच्या शेतांमधून जायचा. डोंगराकडच्या वाडीतल्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ओळीने येत होत्या, त्या गाडीला बाजू द्यायला थांबल्या आणि चालवणारी बाई बघून थांबल्याच. त्यांच्यातली एक काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आईने हॉर्न वाजवला. गरज नव्हती.

कुसुममावशी काठीला टेकून दारात उभी होती. गाडी आली ती तिने बाबांच्या बाजूने पाहिली आणि म्हणाली, "आलात का? आणि सुमन कुठाय? गाडी कोणी आणली?"

आई दुसऱ्या बाजूने उतरली. पदर नीट केला.

"मी," ती म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग काठी माझ्या हातात देऊन तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. पुढे बसायला बाबांनी जागा करून दिली आणि ते माझ्याशेजारी मागे आले. रस्ताभर पुढच्या सीटवर दोघी बहिणी बोलत होत्या. इकडे बाबा पिशवी मांडीवर धरून चटईखालच्या भोकातून रस्ता बघत होते. बोलले मात्र काही नाहीत. बदलापूर येईपर्यंत एक शब्द नाही.

दुधी त्यानंतर सहा वर्षं राहिली. आई तिच्यातून मावशीला दर संक्रांतीला आणायची, आणि मावशीचा गुडघा बरा झाल्यावरही आणत राहिली, कारण गुडघा हे आता नुसतं निमित्त होतं. नव्वदचं दशक संपता संपता दुधी खरोखरच थकली आणि तिला निरोप द्यायची वेळ आली. ती जायच्या सकाळी बाबा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन एकटेच तिच्यात बसले होते. मला वाटलं, निरोप घेताहेत. थोड्या वेळाने ते घरात आले आणि दाराशेजारच्या भिंतीवर ठाकठूक सुरू केली.

आई हात पुसत बाहेर आली. भिंतीवर, तिच्या खांद्याच्या उंचीवर, चोकचं काळं बटण बसवलेलं होतं.

"इथे अडकवत जा तुझी पिशवी," बाबा म्हणाले. "इथे काही नापास होत नाही."

आईचा पदर हातातच राहिला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"फाटकापाशी पिशवी मांडीवर आली तेव्हाच. इतकी जड. आणि इंजिनाचा आवाज मला कळत नाही की काय?"

"आणि सहा वर्षं बोलला नाहीत?"

बाबांनी स्क्रू शेवटचा अर्धा फेरा आवळला.

"तू गाडी चालवत होतीस," ते म्हणाले. "चालकाशी बोलू नये."